घर बांधताना झाडाचे काय?

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार पाने लिहून द्यावीत, असा कार्यवाहबाईंचा निरोप आला. मंडळाच्या वाटचालीविषयी लिहिणाऱ्या भगिनी माझ्याहून अधिकारी आहेत. मी शाळेत इतिहास शिकवीत असे. तेव्हा इतिहासच लिहावा, पण तो राजांचा व लढायांचा न लिहिता आपल्या अंगणातील झाडांचा लिहावा, असे मनाशी ठरविले. विषय ऐकून एकदोघी हसल्या. झाडांना कसला आला आहे इतिहास, असे त्यांना वाटले असावे.

परंतु हा विषय आजच निघण्यास कारण आहे. आपल्या पुण्यातील जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. सोसायट्यांच्या सभांत चटईक्षेत्र किती वाढणार, गाडी लावावयास जागा मिळणार का, मधल्या काळातील भाडे कोण देणार, यांवर तास न् तास चर्चा चालते. ती व्हावयासच हवी. ज्यांच्या छतातून चार चार पावसाळे पाणी गळते, ज्यांना गुडघे धरून तीन मजले चढावे लागतात, त्यांनी नवे घर मागू नये असे कोण म्हणेल? मीही त्यांतलीच एक आहे. पण आवारातील आंबा, कडुनिंब, जांभूळ, बकुळ यांचे काय व्हावयाचे, हा प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर मी अजून पाहिलेला नाही. तो निघतो तेव्हा नकाशा मंजूर होऊन आलेला असतो, आणि मग झाडाच्या बाजूने बोलणारी बाई सर्वांच्या नव्या घराच्या आड आल्यासारखी दिसते.

मला या लेखात एवढेच दाखवावयाचे आहे की, झाडाची पाहणी आधी व घराची आखणी नंतर, हा क्रम आपल्याकडे नवा नाही. मधल्या काळात तो मोडला. तो पुन्हा बसविणे पुष्कळसे आपल्या हाती आहे.

नावांत उरलेली झाडे

मुंबईच्या नकाशाकडे पाहिले तर केवढी झाडे नावांत उरली आहेत! चिंचपोकळीत चिंच आहे, वडाळ्यात वड आहे, उमरखाडीत उंबर आहे, ताडदेवात ताड आहे. गिरगावात तर फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी आणि बोरभाट अशी फळांची परडीच मांडलेली आहे. आपल्या पुण्यात शनिपार, नागनाथ पार, शितळादेवीचा पार ही नावे आपण दिवसातून दहा वेळा घेतो; शुक्रवारातील चिंचेची तालीमही सर्वांना ठाऊक आहे. या नावांचा अर्थ एवढाच की, माणसे राहावयास आली तेव्हा झाड तेथे आधीपासून होते, आणि वस्तीला ओळख झाडाने दिली. घर झाडाच्या आश्रयाने उभे राहिले.

पार ही वस्तू आपण देवाच्या अंगाने पाहतो. थोडे निराळ्या दृष्टीने पाहिले, तर तो झाडाभोवतीचा दगडी बंदोबस्त होता. पार बांधला की बुंध्याला बैलगाडीचे चाक लागत नाही, गुरे बांधली जात नाहीत, कोणी खड्डा खणीत नाही. वड-पिंपळासारख्या चिवट झाडांना तो मानवतो. शिवाय माणसांना बसावयास जागा होते, आणि जेथे माणसे बसतात तेथल्या झाडावर कुऱ्हाड घालण्यास धैर्य लागते.

ही दृष्टी पार सहाव्या शतकापर्यंत मागे नेता येते. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त 'वृक्षायुर्वेद' नावाचा एक अध्याय आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम आणि निदान बारा हात तरी असावे, असे त्यात सांगितले आहे. त्याचे कारणही तेथेच दिले आहे: झाडे एकमेकांना भिडली व त्यांची मुळे एकमेकांत गुंतली, तर ती पीडित होऊन नीट फळत नाहीत. वीस हात म्हणजे सुमारे तीस फूट. झाडाला जमिनीखाली किती जागा लागते याचा विचार त्या काळच्या ग्रंथकाराने केला होता, हे वाचून मला मोठे नवल वाटले. त्याच ग्रंथात, मूर्तीसाठी लाकूड आणण्यास वनात जाणाऱ्याने आधी झाडाची पूजा करावी आणि त्यावर वस्ती करणाऱ्या भूतमात्रांना दुसरीकडे जाण्याची विनंती करावी, असा विधीही आहे. आजच्या मनाला हा विधी पटो वा न पटो. त्यामुळे कुऱ्हाड उचलण्यापूर्वी माणसाला त्या झाडाजवळ थांबून वर पाहावे लागत असे, एवढे खरे.

आज्ञापत्रातील शहाणपण

मराठी राज्याचा या बाबतीतील दाखला तर आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे. शिवछत्रपतींच्या राजनीतीचे सार म्हणून ते ओळखले जाते. आरमारासाठी लाकूड लागते. ते कोठून आणावे याचा विचार त्यात आहे. आपल्या रानातील सागवानादी झाडे परवानगीने तोडावीत, अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. पण रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, असा त्याचा आशय आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात. ती तोडली तर त्यांच्या दुःखास पार राहत नाही, आणि दुसऱ्यास दुःख देऊन साधलेले कार्य टिकत नाही. एखादे झाड अगदीच जीर्ण होऊन कामातून गेले असेल, तर धन्यास राजी करून, त्याचे मोल देऊन मगच ते तोडावे.

हा मजकूर भाषणांतून पुष्कळदा सांगितला जातो, पण भावनेच्या भरात त्यातील व्यवहार नजरेआड होतो. अमात्यांनी 'एकही झाड तोडू नका' असे म्हटलेले नाही. राज्याला गलबते हवी होती. त्यांनी झाडांची प्रतवारी केली. कोणती जात, किती वर्षांची, कोणाची, धडधाकट की जीर्ण, असे विचारले. गरज, झाडाची अवस्था आणि धन्याची संमती ही तिन्ही तपासून मग निर्णय घ्यावयाचा. आज ज्याला झाडांचे मूल्यमापन म्हणतात ते यापेक्षा फारसे निराळे नाही.

पुण्याच्या जुन्या वाड्यांतही याच व्यवहाराचे धाकटे रूप दिसे. चौकात तुळस, मागील परसात विहिरीजवळ केळी, अळू, एखादा उंबर, दारी पारिजातक. धुण्याभांड्यांचे पाणी झाडांना जाई. वाड्याचा पाया दगडी असला तरी परसाची जमीन मातीचीच राही, त्यामुळे मुळांना हवा व पाणी मिळे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने बुधवार पेठेतील अशाच जुन्या वाड्यात, विजेवाचून, झाडापाखरांच्या संगतीत राहिल्या. २०२५ साली त्या निवर्तल्या. त्यांच्यासारखे राहणे सर्वांना साधणारे नाही. पण गजबजलेल्या पेठेतही तसे राहता येते, हे पुण्याने त्यांच्या रूपाने डोळ्यांनी पाहिले.

आखीव वसाहती

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीची, काळोखी वस्ती हे तिच्या फैलावाचे एक कारण मानले गेले आणि १८९८ मध्ये मुंबईची शहर सुधारणा संस्था, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाली. दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत तिने रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या. दादरच्या पारशी कॉलनीची आखणी करणारे मंचरजी जोशी हे तिचे अभियंता. त्यांनी निरनिराळ्या रस्त्यांना निरनिराळ्या जातीची झाडे लावविली. फिरदौसी रस्त्यावरील महोगनी त्यांपैकीच. येथे झाड वस्तीआधीचे नव्हते, पण नकाशात त्याची जागा घरांबरोबरच ठरली होती. शंभर वर्षे होत आली तरी त्या रस्त्यांवरची सावली माणसाला थांबवून ठेवते, याचे मर्म त्या आखणीत आहे.

१९१५ हे वर्ष या इतिहासात महत्त्वाचे. त्या साली मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला. त्याच साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था निघाली. आपण ज्या सोसायट्यांत राहतो त्यांची ही थोरली बहीण. आणि त्याच साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताने मुंबई इलाख्यातील सहा गावांच्या पुनर्रचनेविषयी अहवाल लिहिले. हे गेडिस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे ते पहिले प्राध्यापक झाले. जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रही त्यांनी १९२० मध्ये लिहिले.

गेडिसांचा मुख्य आग्रह असा की, आधी पाहणी आणि मग आखणी. वैद्य जसा नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसे गाव पायी हिंडून पाहिल्यावाचून त्याचा नकाशा काढू नये. जुन्या वस्तीतून सरळ रेषेत रुंद रस्ता कापून नेण्यास त्यांचा विरोध असे. पडझड झालेली घरे तेवढी काढावीत, मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावावे, राहते घर व वाढलेले झाड शक्यतो सांभाळावे, ही त्यांची रीत. शब्द नगररचनाकाराचे असले तरी त्यामागे वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर होती. छाटणी करावयाची ती जीव राखून.

हा क्रम पुढे मोडला तो कोणा एकाच्या दुष्टपणाने नव्हे. शहरात माणसे वाढली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे वाडे पडले आणि हजारो कुटुंबांना निवारा हवा झाला. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सोसायट्यांना बळ दिले, १९६३ च्या कायद्याने सदनिकांच्या मालकीला शिस्त आणली. जेथे एक बंगला व सात झाडे होती तेथे बारा कुटुंबांची इमारत झाली. हे बारा संसारांच्या दृष्टीने चांगलेच झाले. पण परसू जाऊन त्याची 'साइड मार्जिन' झाली. आता त्या बारांच्या जागी चाळीस कुटुंबे येत आहेत, आणि त्या पट्टीतही जमिनीखाली गाड्यांचा तळमजला जात आहे.

कायदा आला

झाडांसाठी कायदा मात्र आपल्या राज्याने बराच लवकर केला. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, चंदन अशा काही जातींची झाडे परवानगीवाचून तोडण्यास बंदी घातली. त्यानंतर शहरांसाठी १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आला. त्याने महापालिकांत व नगरपालिकांत वृक्ष प्राधिकरण नेमावयास लावले, वृक्ष अधिकारी दिला, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करावयास सांगितले. झाड आपल्या मालकीच्या जागेत असले तरी ते परवानगीवाचून तोडता येत नाही. बांधकामासाठी तोडावयाचे झाल्यास त्या झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि नागरिकांना हरकत घेता येते. पुष्कळ भगिनींना हा आपला हक्क ठाऊक नसतो. बुंध्यावर डकविलेला कागद भाड्याच्या खोलीची जाहिरात समजून आपण पुढे जातो!

२०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून निराळे स्थान मिळाले. एक झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावयाची, हा नियमही तेव्हाच आला. बावन्न वर्षांच्या झाडामागे बावन्न रोपे. त्याच वर्षी, सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरावे, असे सर्वोच्च न्यायालयास कळविले. तो प्रश्न बंगालमधील रेल्वेपुलांसाठी तोडावयाच्या ३५६ झाडांचा होता. पण सरन्यायाधीश आपल्या नागपूरचे, म्हणून ती बातमी मी कौतुकाने कापून ठेवली आहे.

कायदा जागा राहतो तो माणसे जागी असली तरच. २६ मार्च १९७४ रोजी गढवालमधील रैणी गावात झाडे तोडावयास मजूर आले, तेव्हा पुरुष मंडळी गावात नव्हती. गौरादेवी तेथील महिला मंगल दलाच्या प्रमुख. त्या आपल्या सख्यांना घेऊन रानात गेल्या आणि झाडांना बिलगून उभ्या राहिल्या. एवढ्या गाजलेल्या चिपको आंदोलनाच्या या प्रसंगी पुढे होते ते एका खेड्यातील महिला मंडळ, हे आपण विसरता कामा नये. पुढे जून २०१८ मध्ये दिल्लीत सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर अशा सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीसाठी हजारो झाडे तोडावयाची होती. काही ठिकाणची झाडे पडलीही. तेव्हा रहिवासी रस्त्यावर आले, उच्च न्यायालयाने तोड थांबविली आणि सरकारला आराखड्याचा फेरविचार करावा लागला. घरे बांधावयाची होती ती होतीच. फक्त नकाशा पुन्हा पाहावा लागला. जो विचार नकाशापूर्वी व्हावयाचा तो नंतर झाला, आणि तोवर पडलेली झाडे काही परत आली नाहीत.

कुऱ्हाडीवाचून मरणारी झाडे

येथवर कुऱ्हाडीचा इतिहास झाला. परंतु बांधकामात जी झाडे मरतात, त्यांतील पुष्कळांना कुऱ्हाड लागतच नाही. आपल्या पलीकडच्या गल्लीतील जांभळाचे उदाहरण अनेकींना आठवत असेल. तेथे नवी इमारत झाली, तेव्हा 'जुने झाड राखले आहे' असे अभिमानाने सांगण्यात आले. झाड खरोखरच तोडले नव्हते. पण दीड वर्ष त्याच्या बुंध्याशी खडीचा व वाळूचा ढीग होता, मालाच्या गाड्या तेथेच वळत, मिक्सर धुतलेले सिमेंटचे पाणी तेथेच सांडे. एका बाजूने तळमजल्यासाठी खोल खणले. शेवटी बुंध्यापर्यंत फरशा बसविल्या. पहिल्या उन्हाळ्यात जांभळे आली, मुलांनी वेचली. दुसऱ्या वर्षी शेंडा वाळला. चौथ्या वर्षी झाड धोकादायक ठरवून काढण्यात आले. ते कशाने मेले, असे विचारले तर कोणी म्हणाले कीड, कोणी म्हणाले वय.

खरे कारण जमिनीत होते. झाडाची मुळे फांद्यांइतकीच खोल जातात, ही आपली समजूत चुकीची आहे. बहुतेक मुळे वरच्या दोन-अडीच फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे आडवी पसरतात. पाणी व अन्न शोषणारी मुळे केसांसारखी बारीक असतात. मुळांना हवाही लागते. ती मातीच्या कणांमधील पोकळीतून मिळते. त्यावर जड गाडी फिरली की पोकळी दबते. कणीक तिंबून घट्ट केली की तीत पाणी शिरत नाही, तसेच या मातीचे होते. वर दोन फूट भराव टाकला तर मुळे गुदमरतात. सिमेंटच्या चुनखट पाण्याने मातीचा गुण पालटतो. झाड साठविलेल्या अन्नावर दोनतीन वर्षे काढते आणि मग वाळते. तोवर बांधकाम करणारे निघून गेलेले असतात.

बुंध्याच्या जखमेविषयीही असाच गैरसमज आहे. अॅलेक्स शायगो या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती आतून जणू भिंत घालते, तेवढा भाग सोडून देते आणि पुढे वाढते. म्हणजे क्रेनचा घाव वरून झाकलेला दिसला तरी आत तो जन्मभर राहतो.

आपल्या १९७५ च्या कायद्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही तोडण्यातच धरले आहे. शब्द पुरेसे आहेत. पण मुळांची इजा दिसत नाही, आणि वृक्ष अधिकाऱ्याला रोज प्रत्येक आवारात जाऊन बसता येत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावयास सांगितले. ते काँक्रीट घालताना रोज पाहणारे शेजारीपाजारी होतेच; त्यांना ते वावगे वाटले नव्हते, एवढेच.

टेप व सुतळी

मग करावयाचे काय? ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठी एक राष्ट्रीय मानक आहे. त्याचा क्रमांक ५८३७. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत झाडांची प्रतवारी सांगितली आहे. आणखी चाळीस वर्षे जगेल असे उत्तम झाड पहिल्या वर्गात, वीस वर्षांचे दुसऱ्यात, दहा वर्षांचे अथवा अगदी कोवळे झाड तिसऱ्यात, आणि जे दहा वर्षेही काढणार नाही ते निराळे. पहिल्या दोन वर्गांतील झाडे धरून नकाशा काढावयाचा. आमच्या अमात्यांनी हे वाचले असते तर त्यांना ते परके वाटले नसते!

त्याच मानकात मुळांसाठी राखावयाच्या जागेचा हिशेब आहे: बुंध्याच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ. हा हिशेब आपल्याला घरच्या घरी करता येतो. जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, म्हणजे छातीच्या उंचीवर, बुंध्याभोवती सुतळी गुंडाळावी. शिवणाचा टेप मोठ्या झाडाला पुरत नाही, म्हणून सुतळी. नंतर ती टेपने मोजावी. जो घेर येईल त्याच्या चौपटीला किंचित कमी, एवढी प्रत्येक बाजूस जागा हवी. घेर पाच फूट आला तर बुंध्यापासून सुमारे एकोणीस फूट. ब्रिटनची माती व झाडे निराळी, तेव्हा हा आकडा आपल्याकडे तंतोतंत लागू पडेलच असे नाही; अंदाजास तो पुरेसा आहे. आठ-दहा फुटांच्या पट्टीत 'राखलेले' झाड का जगत नाही, याचा उलगडाही त्यातूनच होतो.

ही मोजणी करून सोसायटीने वास्तुविशारदाच्या हाती नकाशापूर्वी झाडांची यादी द्यावी: जात, घेर, अंदाजे वय, प्रकृती, जागा. पोकळ झालेले, रस्त्यावर कललेले झाड असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहावे. प्रत्येक झाड वाचवा असा हट्ट धरला तर एकही वाचत नाही. जी राखावयाची त्यांच्या मुळांच्या वर्तुळाभोवती पहिली कुदळ पडण्यापूर्वी भक्कम कुंपण घालून घ्यावे. त्याच्या आत खडी नको, वाळू नको, सिमेंट कालवणे नको, मजुरांची चूल नको. तळमजला व नळ त्या वर्तुळाबाहेरून न्यावेत. जाड मूळ कापावेच लागले तर यंत्राने ओरबाडू न देता करवतीने स्वच्छ कापावे. उन्हाळ्यात पाणी द्यावे. आणि हे सारे विकासकाबरोबरच्या करारात लेखी घालावे. तोंडी आश्वासनाचा वकील कोणी नसतो.

'झाड उपटून दुसरीकडे लावू' असे सहज सांगितले जाते. वड, पिंपळ, उंबर, नारळ यांसारखी झाडे काळजीपूर्वक हलविली तर पुष्कळदा जगतात. पण मोठ्या वयाचा आंबा वा जांभूळ हलवून जगविणे फार अवघड. तेव्हा आधी काही महिने मुळांची तयारी केली आहे का, नंतर दोनतीन वर्षे पाणी कोण घालणार, हे विचारावे. उत्तर नसेल तर ते स्थलांतर नव्हे. ती दूर नेऊन केलेली तोड आहे.

भगिनींनो, मंडळाने आजवर शिवणवर्ग चालविले, पाककृतींच्या स्पर्धा घेतल्या, वटपौर्णिमेला तोडलेल्या फांद्या विकत न घेता वडापाशी जाऊन पूजा करण्याची प्रथा पाडली. त्याच मालिकेत या वर्षी आणखी एक काम घ्यावे, अशी माझी सूचना आहे. आपल्या परिसरातील प्रत्येक आवारातील झाडांची एक वही करावी. दोघीदोघींनी एकेक गल्ली वाटून घेतली तर पावसाळ्यापूर्वी काम होईल. मोठ्या अक्षरांत जात व घेर लिहावा. वयासाठी त्या इमारतीतील सर्वांत वृद्ध आजींना विचारावे, त्यांच्याइतकी खात्रीची नोंद दुसरीकडे मिळणार नाही. पन्नास वर्षांवरील झाडांवर खूण करावी. वहीची एक प्रत सोसायट्यांकडे, एक वृक्ष अधिकाऱ्यांकडे द्यावी. पुढे ज्या आवारात बांधकाम निघेल तेथे ती वही सभेच्या टेबलावर असेल आणि झाडांचा प्रश्न विषयपत्रिकेवर आपोआप येईल.

नाव नोंदवू इच्छिणाऱ्या भगिनींनी दर शनिवारी साडेचार वाजता मंडळाच्या खोलीत यावे. सुतळीचे दोन गुंडे मी आणून ठेवले आहेत.